विकावयाच्या घराचें स्वयंपाकघर

घर विकावयास काढलें कीं आधीं स्वयंपाकघर पाडून नवें करावें, असा एक आचार आपल्या मध्यमवर्गांत रूढ होऊं लागला आहे. दिवाणखान्यास रंगाचा एक हात पुरतो, निजावयाच्या खोल्या तशाच राहिल्या तरी चालतात. परंतु स्वयंपाकघर मात्र नव्या शैलीचें असलें पाहिजे, नाहीं तर गिऱ्हाईक उंबऱ्यावरूनच परत फिरेल, असें दलाल सांगतो, शेजारी सांगतात, आणि शेवटीं घरांतील मंडळीही एकमेकांस तेंच सांगूं लागतात. गेल्या वर्षीं हा प्रसंग आमच्यावरही आला. आमच्या आत्याबाई निवर्तल्यानंतर त्यांचा पुण्यांतील ब्लॉक विकावयाचें ठरलें, आणि ज्या कडाप्प्याच्या ओट्यावर त्यांनीं चाळीस वर्षें पोळ्या लाटल्या, त्याच ओट्यावर एका सजावटकारानें चित्रांची जाड वही उघडून आम्हांस विचारलें, "शैली कोणती पसंत आहे आपल्याला?"

प्रश्न ऐकून आम्ही क्षणभर गोंधळलों. शैली हा शब्द आम्ही आजवर ग्रंथांच्या संबंधांत वापरीत आलों. ग्रंथाची शैली लेखकाच्या विषयांतून आणि वृत्तींतून उगवते. येथें तर लिहिणारें माणूस निघून गेलेलें, वाचणारें अजून यावयाचें, आणि शैली तेवढी वहींतून निवडावयाची! पुस्तकांचे गुणदोष पाहण्याची ज्यास संवय आहे त्यानें ही वहीही एकदां त्याच दृष्टीनें वाचून पाहावी, असें आम्हांस वाटलें. पुढील विचार त्या वाचनांतून निघाले आहेत.

वहींत मुख्यत्वें चार शैली होत्या. पहिलीस 'शेकर' म्हणतात. तिच्यांत कपाटाच्या दारास चार पट्ट्यांची चौकट व मध्यें सपाट फळी असते. दुसरी विलायती शेतकऱ्याच्या घराची. तिच्यांत चिनी मातीची मोठी पांढरी कुंडी आणि उघडीं लांकडी फडताळें. तिसरी अत्याधुनिक, तिच्या कपाटांना मूठ नाहीं आणि पृष्ठभाग आरशासारखा. चौथींत स्वयंपाकघर व दिवाणखाना यांमधील भिंतच काढून टाकलेली असून मध्यें बेटासारखा एक ओटा. चित्रें देखणीं होतीं यांत शंका नाहीं. परंतु एकाही चित्रांत कढई नव्हती, कुकर नव्हता, मिसळणाचा डबा नव्हता, ओलें फडकें नव्हतें; लिंबांनीं भरलेलें कांचेचें एक भांडें तेवढें प्रत्येक ठिकाणीं होतें. ज्या नाटकांत सर्व पडदे उत्तम रंगविलेले आहेत पण पात्र एकही नाहीं, त्याची समीक्षा करावयाची तर प्रथम हेंच विचारलें पाहिजे कीं, हे पडदे मूळचे कोणत्या नाटकासाठीं रंगविले होते?

शेकर शैलीचेंच पाहूं. शेकर हा एक ख्रिस्ती पंथ. अ‍ॅन ली या बाईंच्या नेतृत्वाखालीं त्याची एक लहानशी मंडळी १७७४ मध्यें इंग्लंडांतून अमेरिकेंत गेली. हे लोक ब्रह्मचर्यानें राहत, मालमत्ता सामाईक मानीत, आणि उपयोगाची नसलेली नक्षी हा गर्वाचाच एक प्रकार समजून ती टाळीत. त्यांच्या खुर्च्या व कपाटें साधीं दिसतात तीं साधेपणाची हौस म्हणून नव्हेत. तो त्यांच्या श्रद्धेचा परिणाम होता. शिवाय चौकट आणि फळी या रचनेस सुतारकामाचें कारण आहे. अस्सल लांकूड पावसाळ्यांत फुगतें व उन्हाळ्यांत आकसतें. फळी चौकटीच्या खांचेंत मोकळी बसविली कीं तिला हलावयास जागा मिळते आणि दार तडकत नाहीं. आजच्या वहींतील दार मात्र लांकडाच्या भुशाच्या दाबीव पाटाचें असतें. त्यांत फुगणारी फळी नाहीं, तिला सांभाळणारी चौकटही नाहीं. यंत्रानें वर चौकटीचा आकार कोरलेला असतो इतकेंच. कारण गेलें आणि आकार राहिला, म्हणजे त्याचा निव्वळ अलंकार झाला. ज्या लोकांनीं खासगी मालमत्ताच नाकारली त्यांचें नांव आतां खासगी घराची किंमत चढविण्याच्या कामीं येतें, यांतील विनोद वेगळाच.

याच्या उलट, शैली कामांतून कशी जन्मते याचें उदाहरण जर्मनींत सांपडतें. पहिल्या महायुद्धानंतर फ्रँकफुर्ट शहरांत घरांची मोठी टंचाई होती. एर्न्स्ट माय यांच्या देखरेखीखालीं तेथें कामकरी व मध्यम वर्गासाठीं नव्या वसाहती उभारल्या जात असतां, १९२६ मध्यें मार्गारेटे श्युटे-लिहोत्स्की या वास्तुविशारद स्त्रीनें त्यांच्यासाठीं एक स्वयंपाकघर आंखलें. सुमारें १.९ मीटर रुंद व ३.४ मीटर लांब अशी ती चिंचोळी खोली. आगगाडीच्या भोजनाच्या डब्यांतील मुदपाकखान्याचा कित्ता तिच्यापुढें होता. खिडकीखालीं कामाचें मेज, बसावयास फिरतें स्टूल, तांदूळ-पिठासाठीं ओतावयाची चोंच असलेले अ‍ॅल्युमिनियमचे कप्पे, आणि बाहेरच्या खोलींत खेळणारीं मुलें नजरेखालीं राहावींत म्हणून सरकतें दार. अशीं सुमारें १०,००० स्वयंपाकघरें बांधण्यांत आलीं. त्यांत शोभेसाठीं म्हणून जवळ जवळ कांहींच नव्हतें. तरी तीं सुंदर दिसतात, कारण तेथील प्रत्येक रेषा कोणाचें तरी एक पाऊल वांचविते.

परंतु गुणाबरोबर दोषही सांगितला पाहिजे. या स्वयंपाकघरांत एकीपेक्षां दुसरीस जागा नव्हती. सासू-सुनेनें मिळून भाजी निवडावी किंवा मुलानें कोपऱ्यांत बसून पाढे म्हणावे, ही कल्पनाच त्या आराखड्यांत नव्हती. प्रत्येक वस्तूची जागा इतकी नेमलेली होती कीं, राहणाऱ्यास आपली कांहीं संवय तेथें आणतां येईना. पुढें अनेक घरांतून तीं स्वयंपाकघरें काढून टाकण्यांत आलीं. आणि उरलेल्यांपैकीं एक न्यूयॉर्कच्या आधुनिक कलासंग्रहालयानें मिळवून २०१० मध्यें भरविलेल्या प्रदर्शनांत मांडलें. स्वयंपाक करणारांनीं जें टाकिलें तें पाहणारांनीं जपलें! दुसऱ्याच्या कामाचा कितीही सूक्ष्म अभ्यास केला तरी त्याच्या वतीनें सर्व ठरवूं नये, हा धडा आम्ही यांतून घेतों.

स्वयंपाकघराच्या शैलीस बाजाराचें वळण कसें लागलें हें पाहावयाचें तर अमेरिकन लेखिका क्रिस्टीन फ्रेडरिक यांचीं दोन पुस्तकें शेजारीं ठेवावींत. १९१३ च्या 'द न्यू हाउसकीपिंग' मध्यें त्यांनीं कारखान्यांतील श्रमशास्त्र घरांत आणून गृहिणीचीं पावलें कशीं वांचतील याचा विचार केला. युरोपांतील नव्या स्वयंपाकघरांवरही त्या विचाराचा मोठा प्रभाव पडला. १९२९ मध्यें त्याच बाईंनीं दुसरें पुस्तक लिहिलें, त्याचें नांव 'सेलिंग मिसेस कन्झ्यूमर'. त्याचा विषय गृहिणीचे श्रम हा नसून तिला माल कसा विकावा हा होता. पहिल्या पुस्तकांत जी काम करणारी होती ती सोळा वर्षांत दुसऱ्या पुस्तकांत गिऱ्हाईक झाली. आमच्या सजावटकाराची वही या दुसऱ्या पुस्तकाच्या घराण्यांतली आहे.

आपल्या स्वयंपाकघरांत बदल झाले नाहींत काय? पुष्कळ झाले, आणि वहीवांचून झाले. चूल आणि वैल जाऊन शेगडी आली, शेगडीबरोबर स्टोव्ह आला, मागून सिलिंडरचा गॅस आला. पाटावर बसून होणारा स्वयंपाक उभ्यानें होऊं लागला, ही तर केवढी क्रांति! तिच्यामुळें मोरी वर चढली, पाटा-वरवंटा मागें पडून मिक्सर पुढें आला, शिंकाळ्याचें काम फ्रिजनें घेतलें. यांतील प्रत्येक पायरीस धुराचें, पाण्याचें, गुडघ्यांचें किंवा वेळेचें कारण होतें. जुन्या साहित्यशास्त्रांत औचित्य नांवाचें जें तत्त्व क्षेमेंद्रानें मांडिलें, तेंच येथें लागू पडतें: जें ज्या ठिकाणीं शोभतें तें तेथील प्रयोजनाशीं जुळतें म्हणून शोभतें.

या कसोटीवर उघड्या स्वयंपाकघराची शैली घांसून पाहावी. ज्या देशांत जेवण बव्हंशीं बंद भट्टींत भाजलें जातें तेथें भिंत काढणें सोयीचें असेल. आपल्याकडे दिवसांतून दोनदां हिंगमोहरीची फोडणी होते, मिरच्या तळल्या जातात, सुकें खोबरें भाजलें जातें. वर कितीही मोठी चिमणी लाविली तरी तो वास दिवाणखान्यांतील पडद्यांत मुरणारच. एकत्र बसण्याबोलण्याचा त्या शैलींतील हेतु चांगला आहे हें आम्ही मान्य करतों. स्वयंपाक करणारीस भिंतीआड कोंडूं नये, हेंही खरें. परंतु तो हेतु एखाद्या रुंद झरोक्यानें किंवा सरकत्या दारानेंही साधतो.

यावर आमच्या बंधूंनीं जो आक्षेप घेतला तो हलका नव्हता. ते म्हणाले, "तुम्ही टीकाकार लोक औचित्य पाहतां, घेणारा डोळ्यांनीं पाहतो. पहिल्या भेटींत जें मनांत भरतें त्यावर किंमत ठरते, आणि या किंमतींत चार वाटेकरी आहेत." खरेंच आहे. विकणारानें आपली वस्तु नीटनेटकी करून ठेवावी यांत पाप नाहीं; मंडईंतली बाईही मेथीवर पाणी शिंपडतेच. परंतु शिंपडणें निराळें आणि रंगविणें निराळें. शिवाय अमेरिकेंत, जेथून ही पद्धत आली तेथें, अशा कामांचा खर्च आणि विक्रींतून होणारी भरपाई यांची तुलना करणारे अहवाल दरवर्षीं निघतात; आणि किरकोळ नूतनीकरणाचा खर्च जितक्या प्रमाणांत भरून येतो तितका भारी नूतनीकरणाचा येत नाहीं, असें त्यांत वर्षानुवर्षें दिसतें. कारण उघड आहे. शैली जितकी ठळक, तितकी ती न आवडणाऱ्यांची संख्याही मोठी. आणि तिकडचा हिशेब बाजूस ठेवला तरी आमच्या समोरच्याच इमारतींत विक्रीसाठीं म्हणून नवें केलेलें एक स्वयंपाकघर आम्ही पाहिलें आहे. पहिल्याच पावसाळ्यांत मोरीखालच्या कपाटाचीं दारें फुगून बसलीं, आणि नव्या मालकांनीं वर्षाच्या आंत सर्व उखडून टाकिलें. दोघांचाही पैसा गेला. सुताराचें तेवढें दोनदां भागलें.

मग विकणारानें करावें तरी काय? आमच्या मतें, जें प्रत्येक स्वयंपाक करणारास लागतें तें नीट करावें, आणि जें ज्याच्या त्याच्या शरीरास, संवयीस व रुचीस लागतें तें येणारावर सोपवावें. नळ गळत असेल तो दुरुस्त करावा. मोरीचा निचरा साफ करावा. विजेच्या जुन्या तारा बदलून मिक्सर, फ्रिज, ओव्हन यांना पुरेशीं बटनें द्यावींत. खिडकी उघडत नसेल ती उघडती करावी. धुरकटलेल्या भिंतींना पांढरा हात द्यावा. फुटलेल्या फरशा तेवढ्या बदलाव्या. लिंबाच्या किंवा चिंचेच्या डागांनीं कडाप्पा विटला असेल तर तेथें साधा गडद ग्रॅनाइट घालावा, कारण कडाप्पा हा चुनखडीच्या जातीचा असल्यामुळें आंबटानें खातो, ग्रॅनाइट खात नाहीं. कपाटें करावयाचींच असलीं तर ओलास टिकणाऱ्या प्लायवुडचीं, फिक्या रंगाचीं, बिनकोरीव करावींत. ओट्याच्या उंचीस मात्र हात लावूं नये. ती उभ्या माणसाच्या कोपरापेक्षां चार ते सहा इंच खालीं असावी असा सर्वसाधारण नियम आहे; आणि येणारीचें कोपर आपल्याला कोठें ठाऊक आहे?

आत्याबाईंचा ओटा ३० इंचांचा होता. त्या बुटक्या होत्या, आणि ब्लॉक घेतांना गवंड्याशीं भांडून त्यांनीं तो आपल्या मापाचा करून घेतला होता. सजावटकाराच्या मतें तो घराचा सर्वांत मोठा दोष. आमच्या मतें त्या घरांतील शैलीदार वस्तु एवढी एकच. पण ती शैली त्यांची होती. तिचें स्मारक करून येणाऱ्या बाईची पाठ वांकवावी हें आम्हांस पटेना, आणि ती पुसून अनोळखी शैली वर चिकटवावी हेंही पटेना. अखेरीस बंधूंनीं थोडें सोडलें, आम्हीं थोडें सोडलें. वर सांगितलेलीं कामें तेवढीं केलीं आणि ओटा होता तसा ठेवला.

घर पाहावयास पुष्कळ लोक आले. कांहीं उंबऱ्यावरून परत फिरले, तेव्हां बंधूंनीं आमच्याकडे पाहिलें. शेवटीं एक जोडपें आलें. बाईंनीं नळ सोडून पाहिला, खिडकी उघडली, आग्नेय कोणती तें विचारून घेतलें, मग ओट्यापाशीं उभ्या राहून पोळी लाटावयाची असावी तसे दोन्ही हात पुढें केले आणि यजमानांस म्हणाल्या, "हा चार इंच वर घ्यावा लागेल हं." वर काय घालावें, कपाटें कोठें यावींत, याचें बोलणें त्या दोघांत तेथेंच सुरू झालें. समोरच्या नटविलेल्या ब्लॉकास जी किंमत आली तिच्याहून आम्हांस थोडी कमी मिळाली. परंतु नटविण्याचा खर्च वजा जातां चौघां वाटेकऱ्यांची तक्रार राहिली नाहीं. एका उदाहरणावरून सिद्धांत होत नाहीं हें आम्ही जाणतों. तथापि ज्यांच्यावर असा प्रसंग येईल त्या आमच्या वाचकांनीं वहीचें पहिलें पान उलटण्यापूर्वीं रिकाम्या ओट्यापाशीं एकदां उभें राहावें, आणि येथें उद्यां कोण उभें राहणार याचा विचार करावा, एवढीच आमची विनंती आहे.