‘घरी राहा’ : एका आदेशाची चिकित्सा

शासनाचा आदेश हाही एक लेखनप्रकारच आहे. त्यात कोणाचे जीवन गृहीत धरले आणि कोणाचे वगळले, हे तपासणे समीक्षेचेच काम आहे. २५ मार्च २०२० पासून देशभर लागू झालेल्या टाळेबंदीतील ‘घर’ हा शब्द या दृष्टीने वाचला पाहिजे.

या शब्दामागे पांढरपेशांचे घर उभे होते. त्यात धान्याचा साठा, स्वतंत्र संडास आणि महिनाअखेरीस येणारा पगार होता. पुणे-नाशिक रस्त्यावरील, चाकणच्या अलीकडच्या कुरुळीसारख्या गावात कंत्राटी कामगाराचे घर म्हणजे भाड्याची खोली. तीही चौघांनी वाटून घेतलेली. एक पाळीवर जातो, तेव्हा दुसऱ्याला पाठ टेकायला जागा होते. कारखाने बंद पडले की सगळे एकदम आत येतात आणि रोजी मात्र बाहेरच राहते. अशा माणसाला ‘घरी राहा’ म्हणणे म्हणजे उपाशी राहा म्हणणे नव्हे काय?

साथ खरी होती. निर्बंधही आवश्यक होते. प्रश्न आहे तो आधाराचा. कारखाना बंद असलेल्या काळाचे वेतन कपात न करता द्यावे, कामगारांकडे महिनाभर खोलीभाडे मागू नये, असा आदेश केंद्राने २९ मार्चला काढला. पण या आदेशामागे सरकारी तिजोरी उभी नव्हती. १८ मेपासून तो रद्द झाला. १२ जूनला सर्वोच्च न्यायालयाने वेतनाचा प्रश्न वाटाघाटीने सोडवण्यास सांगितले. वाटाघाटी तुल्यबळांत होतात. गावी परतलेला कंत्राटी कामगार कोणाच्या दारात बसणार? वास्तविक ठेकेदाराने वेतन बुडवल्यास ते मूळ मालकाने द्यावे, असे तेव्हा लागू असलेला १९७० चा कंत्राटी कामगार कायदा सांगत होता. निर्बंधांसाठी रस्त्यावर पोलीस होता. या कलमासाठी कोण होते?

८ मेच्या पहाटे तेव्हाच्या औरंगाबाद जिल्ह्यात करमाडजवळ १६ मजूर मालगाडीखाली चिरडले गेले. जालन्याहून ते आपल्या गावी, मध्य प्रदेशात निघाले होते. शिधापत्रिका नसलेल्या स्थलांतरितांना दोन महिने दरडोई ५ किलो धान्य देण्याची घोषणा झाली १४ मे रोजी. टाळेबंदीला तेव्हा पन्नास दिवस उलटले होते.

ही रीत जुनी आहे. २०२० मध्ये वापरलेला साथरोग कायदा १८९७ चा. त्यात निर्बंधांचे अधिकार आहेत, अधिकाऱ्याला संरक्षण आहे. उपाशी माणसाविषयी एक शब्द नाही. त्याच वर्षी, १० मार्चला, पुण्यातील प्लेगग्रस्तांची शुश्रूषा करताना सावित्रीबाई फुले प्लेगने गेल्या. त्यांचा वारसा सांगणाऱ्या राज्याने त्यांच्या शुश्रूषेपेक्षा इंग्रजांचा कायदाच जवळचा मानला.

आपल्या साहित्यानेही हे ओळखले पाहिजे. अण्णा भाऊ साठे यांच्या ‘स्मशानातील सोनं’मध्ये खाण बंद पडते आणि भीमा स्मशानाकडे वळतो. काम बंद झाल्यावर माणूस कोठे जातो, हा त्या कथेचा प्रश्न आहे. टाळेबंदीवरील पांढरपेशा लेखनात एकांत पुष्कळ आला. हा प्रश्न क्वचितच आला, कारण लिहिणाऱ्याचा पगार चालू होता.

पुढची साथ येईल तेव्हा आदेशाचे पहिले कलम वेतनाचे आणि धान्याचे असावे. दार बंद करण्याचे कलम त्यानंतर यावे. त्यासाठीचा पैसा तिजोरीतून यावा आणि तो कुरुळीच्या खोलीपर्यंत पोहोचावा. ही मागणी दयेची नाही, हक्काची आहे.