टेरींचा मांडू : एका धर्मगुरूच्या प्रवासग्रंथाचे पायी पुनर्वाचन

इंग्लंडचा राजदूत सर टॉमस रो याच्या पदरी असलेले धर्मगुरू एडवर्ड टेरी यांचा ‘ए व्हॉयेज टू ईस्ट-इंडिया’ हा ग्रंथ १६५५ मध्ये लंडनला प्रसिद्ध झाला. जहांगीर बादशहाची छावणी १६१७ चा उन्हाळा व पावसाळा मांडूस होती. राजदूताबरोबर टेरीही तेथे राहिले. इतिहासकार या ग्रंथाकडे मोगलकाळाचे एक साधन म्हणून पाहतात. धर्मसेवकाने मात्र तो निराळ्या प्रश्नासाठी वाचावा : परधर्मीयांच्या पवित्र वास्तूंमध्ये ख्रिस्ती धर्मगुरू कसा वावरला? या प्रश्नाचे उत्तर शोधीत आम्ही नालछ्याहून निघून एक पूर्ण दिवस मांडू पायी हिंडलो.

नालछ्यापासून मांडू सुमारे दहा किलोमीटर. खोल दरी ओलांडून आलमगीर दरवाजातून वाट पठारावर चढते. आपल्याकडे मांडवगड म्हणून परिचित असलेले हे नगर टेरींनी पाहिले तेव्हाच ओस पडत आले होते. नांदत्या घरांहून पडकी घरे अधिक, असे ते नोंदवितात. हे वर्णन किती नेमके आहे हे पायी चालणाऱ्यासच उमगते. १४५४ मध्ये पूर्ण झालेली जामी मशीद मागे टाकून रूपमती मंडपाकडे निघाले, की शेताशेतांतून घुमट उभे दिसतात. त्यांच्या आसपास गोरखचिंचेचे प्रचंड वृक्ष आहेत.

ग्रंथातील सर्वांत मोलाचा उतारा या ओस वास्तूंविषयीच आहे. छावणीच्या गर्दीने जागेची कमालीची टंचाई झाली होती. उत्तमोत्तम घोडे ठेवण्यास निवारा नव्हता. तरीही टाकून दिलेल्या मशिदींचे तबेले करण्यास बादशहाचे लोक तयार झाले नाहीत, असे टेरी आदराने सांगतात. हा आदर समजण्यासाठी ग्रंथाचा प्रकाशनकाळ ध्यानात घ्यावा लागतो. मधल्या यादवी युद्धात इंग्लंडमध्ये ख्रिस्ती सैनिकांनीच ख्रिस्तमंदिरांत घोडे बांधले. लंडनचे सेंट पॉल कॅथीड्रलही त्यातून सुटले नाही. टेरींचे शब्द मांडूविषयी असले, तरी त्यांचा रोख स्वदेशाकडे आहे. परक्यांच्या भक्तीचा दाखला देऊन स्वजनांस लज्जित करण्याची ही रीत त्यांच्या ग्रंथात अन्यत्रही आढळते, आणि तेथे त्यांची लेखणी खरी प्रामाणिक होते.

परंतु याच ठिकाणी त्यांचे न्यूनही दिसते. राजदूताचा परिवार स्वतः एका ओस मशिदीत, थडग्याशेजारी मुक्कामास होता. त्याहून बरी जागा मिळण्यासारखी नव्हती, एवढे कारण टेरी देतात आणि पुढे जातात. ज्या छताखाली यजमानांनी घोडा बांधला नाही, तेथे आपण बिछाने पसरले, याविषयी ते थांबून विचार करीत नाहीत. निरुपायाने घेतलेल्या आश्रयाबद्दल आम्ही त्यांस दोष देत नाही. पण त्या छताविषयी कृतज्ञतेचा एक शब्द तरी अपेक्षित होता. इतर बाबतींत ते पानेच्या पाने उपदेश करतात. १६२५ मध्ये पर्चसने छापलेल्या त्यांच्या संक्षिप्त वृत्तांतात हा भार कमी आहे. वाढीव ग्रंथात मात्र डोळ्यांनी पाहिलेले अनेकदा प्रवचनाखाली दडपले जाते.

जेरुसलेमहून अजमेरपर्यंत पायी आलेला टॉमस कोरियट मांडूस टेरींचा सोबती होता. त्याच वर्षअखेर तो सुरतेस वारला. त्याने एकदा आग्र्यास उंचावर चढून बांग देणाऱ्यास मोठ्याने प्रत्युत्तर दिले होते. अन्यत्र हे त्याच्या जिवावर बेतले असते. येथे ज्यास त्यास आपला धर्म पाळण्याची मोकळीक असल्याने तो वाचला, असे टेरी लिहितात. इतका प्रदेश पायांखालून घालूनही कोरियटला ऐकण्याची सवय लागली नाही. पायी चालल्याने दृष्टी आपोआप येत नाही, हे यावरून शिकावे.

मांडूतच आणखी एक उदाहरण आहे. होशंगशहाच्या संगमरवरी कबरीच्या दाराशी १६५९ चा एक शिलालेख आहे. शाहजहानच्या पदरचे वास्तुशिल्पी लुत्फुल्ला, जादूराय, शिवराम आणि हमीद हे आदर व्यक्त करण्यास येथे आले, असे तो सांगतो. वेगवेगळ्या धर्मांचे हे कारागीर दोन शतकांपूर्वीच्या कारागिरांपुढे नम्र झाले. टेरींच्या शेकडो पानांत जे सापडत नाही, ते या काही ओळींत आहे.

आमचे धर्मशिक्षक युवकांच्या सहली मांडूस नेतात. त्यांनी टेरींचा तबेल्यांविषयीचा उतारा अवश्य सांगावा आणि त्यांच्या मुक्कामाची हकीकतही सांगावी. पादत्राणे काढून, आवाज खाली ठेवून, ही कबर कोणाची हे विचारून मग आत जावे. आपल्याही कित्येक खेड्यांत भक्तमंडळी स्थलांतरित झाल्यामुळे लहान प्रार्थनामंदिरे कुलूपबंद पडली आहेत. तेथे येणाऱ्या परक्याने कसे वागावे अशी आपली इच्छा आहे, तसेच आपण मांडूस वागले पाहिजे.