स्थानाधारित डिजिटल माध्यमे आणि ग्रामीण वारसा : वाशीम जिल्ह्याच्या संदर्भात एक चिकित्सा

मोबाईलवरील नकाशात एखाद्या खुणेवर बोट ठेवताच स्थळाचे नाव, छायाचित्र व रस्ता समोर येतो. ग्रामीण वारशाच्या प्रसारासाठी ही सोय उपकारक आहे, याबद्दल दुमत नसावे. तथापि, प्रत्येक वारसा एका बिंदूवर वसलेला असतो, हे या माध्यमाचे गृहीतक सहसा तपासले जात नाही. १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळ्या झालेल्या वाशीम जिल्ह्याचा इतिहास या गृहीतकाला छेद देतो, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

१९३९ मध्ये वाशीम येथे सापडलेला विंध्यशक्ती द्वितीय याचा वाकाटक ताम्रपट अभ्यासकांपुढे आला. राजाच्या कारकिर्दीच्या ३७ व्या वर्षी वत्सगुल्म, म्हणजेच आजचे वाशीम, येथून हे दानपत्र दिले गेले. दान दिलेले गाव मात्र नांदिकट, म्हणजे नांदेडच्या परिसरातील होय. वंशावळ संस्कृतात, तर दानाचा प्रत्यक्ष तपशील प्राकृतात आहे. गावाचे स्थान सांगताना कोरणाऱ्याने प्रादेशिक विभाग आणि शेजारचे गाव यांचा आधार घेतला. अक्षांश-रेखांशापेक्षा ही रीत निराळी आहे. तिच्यात स्थान हे संबंधातून कळते. या ताम्रपटाची एकच खूण वाशीमवर उमटवली, तर ज्या गावासाठी तो कोरला गेला तेच नकाशावरून गळते.

कारंजाच्या बाबतीतही हेच दिसून येते. पुष्पदंताने दहाव्या शतकात मान्यखेटात अपभ्रंश काव्ये रचली. कारंजाच्या जैन भांडारांनी अशा हस्तलिखितांचा ठेवा जपला आणि त्याचे ‘जसहरचरिउ’ १९३१ मध्ये कारंजा जैन ग्रंथमालेतून प्रसिद्ध झाले. नकाशावर मात्र केवळ मंदिर दिसते, पोथी दिसत नाही.

पोहरादेवी येथे ५ ऑक्टोबर २०२४ रोजी बंजारा विरासत संग्रहालयाचे उद्घाटन झाले. हे स्वागतार्हच होय. परंतु बैलांच्या पाठीवर धान्य व मीठ वाहणाऱ्या समाजाचा वारसा मुळात वाटेचा आहे, आणि ती वाट बिंदूने दाखवता येत नाही. गोरमाटी बोलीला स्वतंत्र लिपी नसल्याने तेथे छायाचित्रापेक्षा ध्वनिमुद्रण अधिक उपयोगी ठरावे. (आपले बहुतेक उपक्रम छायाचित्रांवरच थांबतात, हे खेदाने नमूद करावे लागते.)

म्हणून एका वारशाला अनेक स्थाने जोडणारी, वाट रेषेने दाखवणारी आणि तांड्याचे नाव तेथील उच्चारासह नोंदवणारी पद्धत स्वीकारणे अगत्याचे आहे. महसुली दप्तरात बेचिराख गावांची नावे आढळतात. वस्ती उठली तरी ते नाव शिवाराला चिकटून राहते. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात विद्यार्थ्यांनी तलाठ्याकडील नोंद आणि गावातील वृद्धांची आठवण शेजारी-शेजारी लिहून घेतली, तर या कामास प्रारंभ होऊ शकेल.