नेर्लकांठचें शुभ्र मंदिर

मध्ययुगीन रशियन कलेची गोष्ट निघाली कीं रसिकांच्या तोंडीं प्रथम येणारें नांव म्हणजे व्लादिमिर शहराजवळ, नेर्ल नदीच्या कुरणांत एकटेंच उभें असलेलें मेरीमातेचें शुभ्र प्रार्थनामंदिर. इ. स. ११६५ च्या सुमारास व्लादिमिर-सुझ्दलचा राजा आंद्रेइ बोगोल्युब्स्की यानें तें बांधविलें. त्याच्या साधेपणावर व विनयावर इतकीं स्तुतिसुमनें उधळलीं गेलीं आहेत कीं, त्या स्तुतीची एकवार तपासणी होणें आम्हांस अवश्य वाटतें.

प्रथम बांधविणाराकडे पाहूं. आंद्रेइ विनयी खास नव्हता. मेरीमातेची प्रख्यात प्रतिमा ११५५ मध्यें त्यानें कीव्हच्या परिसरांतून आपल्या प्रांतीं नेली. कीव्हला सुवर्णद्वार होतें, म्हणून व्लादिमिरलाही सुवर्णद्वार उभें राहिलें. अखेर ११६९ मध्यें त्याच्या सैन्यानें खुद्द कीव्ह लुटलें. त्याच्या बांधकामांसाठीं देवानें सर्व देशांतून कारागीर आणून दिले, अशी नोंद तत्कालीन बखरींत आहे. राज्याचा दरारा दगडांत उतरविणें हाच त्याचा हेतु होता. मंदिराच्या विनयाचे गोडवे गातांना लुटलेल्या कीव्हचा विसर पडतो, हा त्या स्तुतीचा पहिला दोष.

दुसरा दोष याहून सूक्ष्म आहे. १९५० नंतरच्या दशकांत निकोलाय वोरोनिन यांनीं तेथें उत्खनन केलें, तेव्हां मंदिराभोंवतीं ओवऱ्यांच्या पायाचे अवशेष सांपडले. ज्या टेकाडावर तें उभें आहे, तेंही मनुष्यकृत असून दगडांनीं मढविलेलें होतें. म्हणजे ज्या एकाकी, सडपातळ आकृतीवर आपण लुब्ध होतों, ती बऱ्याच अंशीं काळानें घडविली आहे. आंद्रेइचा भाऊ व्सेवोलोद यानें ११९० नंतर बांधविलेल्या संत द्मित्रीच्या मंदिराची गतही अशीच झाली. त्याच्या ओवऱ्या व मनोरे एकोणिसाव्या शतकांत जीर्णोद्धारकांनींच पाडून टाकले.

मग शिल्पकाराचें म्हणून कांहीं उरतें कीं नाहीं? आमच्या मतें पुष्कळ उरतें. द्मित्रीच्या मंदिराच्या वरच्या भिंतींवर संत, स्वार, सिंह, पक्षी व वेली यांची अशी दाटी आहे कीं, प्रत्येक मूर्ति सुबक असूनही डोळा अखेर थकतो. नेर्लकांठीं भिंतीच्या माथ्याशीं वीणा घेतलेला दावीद राजा, त्याच्याजवळ पक्षी व सिंह, खालीं स्त्रियांचे मुखवटे. बाकी भिंत मोकळी. बारीक स्तंभ दृष्टीला अलगद वर नेतात. कोठें थांबावें हें या कारागिरास कळलें होतें. हा संयम ओवऱ्या पडल्यामुळें आलेला नव्हे. तो मूळच्या भिंतींतच आहे.

आंद्रेइचा त्याच्याच सरदारांनीं ११७४ मध्यें खून केला, आणि १२३८ मध्यें मोंगलांनीं व्लादिमिर जाळलें. दरारा गेला, दगड राहिला. त्या दगडाची स्तुति अवश्य व्हावी. मात्र राजाच्या अंगीं नसलेला विनय त्याच्या पदरीं बांधूं नये, आणि काळाच्या करणीचें श्रेय शिल्पकारास देऊं नये. त्याचें स्वतःचें श्रेय त्याला पुरेसें आहे.