कॅप्टन लक्ष्मी : पदवीआडचे चरित्र

लक्ष्मी सहगल (१९१४–२०१२) यांच्याविषयीच्या रूढ चरित्रलेखनात ‘कॅप्टन’ ही पदवी इतकी पुढे येते की ‘डॉक्टर’ हा शब्द तिच्या आड जातो. १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या आत्मकथनाच्या उपशीर्षकात मात्र सैनिकाचा उल्लेख नाही. त्या आठवणी ‘राजकीय कार्यकर्ती’च्या आहेत. चरित्रकारांनी हा संकेत पुरेसा मानलेला दिसत नाही.

१९३८ साली मद्रासला वैद्यकीय पदवी घेऊन १९४० साली त्या सिंगापूरला गेल्या व तेथील गरीब भारतीय मजुरांवर उपचार करू लागल्या. १९४३ मध्ये सुभाषबाबूंच्या ‘झाशीची राणी’ पलटणीचे नेतृत्व त्यांच्याकडे आले, तेव्हा तीत दाखल झालेल्या पुष्कळ मुली मलायातील रबराच्या मळ्यांवरील तमिळ मजूर कुटुंबांतल्या होत्या. पलटणीच्या नावाचा मराठी वाचकास अभिमान वाटणे स्वाभाविक आहे. परंतु त्या नावाच्या तेजात या मुलींचे चेहरे लोपतात, हेही खरे.

पलटणीस आघाडीवरील मोठ्या लढाईत उतरावे लागले नाही, ही गोष्ट काही लेखक उणीव समजून झाकू पाहतात. ती झाकण्याचे प्रयोजनच काय? ब्रह्मदेशात मेम्यो येथे या स्त्रियांनी इम्फाळहून परतलेल्या जखमींची शुश्रूषा केली. तेथे बंदूक आणि मलमपट्टी हे एकाच सेवेचे भाग होते. हा धागा हाती धरला तरच १९७१ च्या बांगलादेशी निर्वासितांतील त्यांचे कार्य आणि नव्वदीनंतरही कानपूरच्या दवाखान्यात चाललेली रुग्णसेवा उपसंहारवजा वाटत नाही.