रांगेचे गणित आणि कापसाची बंडी

रांगेच्या शास्त्राचा आरंभ कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत झाला. दूरध्वनीवरील कॉल परस्परांशी संबंध नसता यदृच्छया येतात, हे ए. के. एर्लांग यांनी १९०९ साली गणिताने मांडले. त्या गृहीतावर उभी असलेली सूत्रे आमचे अभ्यासक आज कोणत्याही रांगेस लावतात. ही पद्धती कितपत ग्राह्य मानावी?

महाराष्ट्रात १९७२ साली कापूस एकाधिकार खरेदी योजना सुरू झाली आणि वऱ्हाडातील खरेदी केंद्रांपुढे बंड्यांच्या लांबच लांब रांगा लागू लागल्या. ती योजना आता राहिली नाही. परंतु हमीभावाच्या खरेदीत तोच प्रश्न पुन्हा उद्भवतो. तिवसा परिसरातील शेतकरी काट्यावर यदृच्छया येत नाही. वेचणी सर्वत्र एकाच सुमारास होते, भाव एकाच दिवशी कळतो आणि एका गावच्या गाड्या बरोबरच निघतात.

याचा परिणाम उदाहरणाने पाहू. समजा, दहा तास चालणाऱ्या काट्यावर ताशी ८ बंड्या मोजल्या जातात आणि दिवसाकाठी ६० येतात. ताशी सरासरी ६ धरून प्रचलित सूत्र लावल्यास मोजणीपूर्वीची प्रतीक्षा साडेबावीस मिनिटे भरते. परंतु त्याच ६० बंड्या सकाळच्या पाच तासांत, ताशी १२ प्रमाणे आल्या, तर २० बंड्या तुंबतात; सरासरी प्रतीक्षा सव्वा तासावर जाते आणि शेवटच्या बंडीस अडीच तास तिष्ठावे लागते. येथे यदृच्छेचा लवलेशही नाही. दोष सर्वस्वी सरासरीचा आहे. प्रतवारी रेंगाळली किंवा गंजीस जागा उरली नाही, तर नवा काटा बसवूनही रांग हटणार नाही.

याचा अर्थ शास्त्रच त्याज्य आहे, असा नव्हे. रांगेतील सरासरी संख्या म्हणजे आगमनाचा दर आणि सरासरी प्रतीक्षा यांचा गुणाकार, हा जॉन लिटल यांनी १९६१ साली सिद्ध केलेला नियम यदृच्छेच्या विशिष्ट स्वरूपावर अवलंबून नाही. वरील उदाहरणातही तो खरा ठरतो. मात्र तोही सरासरीच सांगतो. दूरच्या गावाहून उशिरा पोचणाऱ्याचा काटा बंद झाल्यामुळे मुक्काम पडला, तर भाड्याचा व वैरणीचा भुर्दंड त्याच्याच माथी बसतो. म्हणून अभ्यासकाने सूत्र हाती घेण्यापूर्वी प्रत्येक बंडीची येण्याची व सुटण्याची वेळ टिपावी. गावोगावच्या पाळ्या लावून देणे हा नव्या काट्याहून स्वस्त उपाय ठरेल की नाही, याचा निर्णय त्या नोंदवहीनेच होईल.