जाते, बाहुली आणि परसबाग : मुस्लिम मराठी साहित्यातले हरवलेले घर

१९९० साली सोलापूरला पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले. त्याला आता तीन दशकांहून अधिक काळ लोटला आहे. या काळात मुस्लिम मराठी साहित्याची जी चर्चा झाली ती प्रामुख्याने प्रश्नांची चर्चा होती. तलाक, बुरखा, शिक्षणातले मागासलेपण, दंगल, संशय आणि पुन्हा पुन्हा द्यावी लागणारी देशभक्तीची परीक्षा. हे प्रश्न खरे आहेत. १९८५चे शहाबानो प्रकरण आणि १९९२चा बाबरी मशिदीचा विध्वंस पाहिलेल्या पिढीला त्यांच्याकडे पाठ फिरवणे शक्यच नव्हते. तेव्हा माझी तक्रार प्रश्नांवर लिहिण्याबद्दल नाही. तक्रार एवढीच आहे की, या प्रश्नांच्या गर्दीत आमचे घर हरवले.

आमच्या कथांमध्ये घर येते, नाही असे नाही. पण ते बहुतेक वेळा भांडणाची जागा म्हणून येते. नवरा बाहेरून येतो, दार लागते, आवाज चढतो आणि कोपऱ्यात बाई रडत असते. ती बाई रडण्यापूर्वी काय करीत होती, हे लेखक सांगत नाही. ती दुपट्ट्याला कुरेशियाची किनार विणत होती काय? रमजानपूर्वी शेवया वाळत घालीत होती काय? जुन्या लुगड्यांची आणि लुंग्यांची गोधडी शिवीत होती काय? ‘घरकाम’ या एका शब्दात सारे संपते. आमच्या पवनी-भंडारा भागातल्या कोणत्याही मुस्लिम घरात दुपारी जाऊन बसावे. हात रिकामा असलेली बाई क्वचितच दिसेल. तुरपाई, गोटा, सलमा-सितारा, दस्तरखानाची झालर, उशीच्या अभ्र्यावरची वेलबुट्टी, अंगणातल्या डब्यांत लावलेला पुदिना आणि मेंदी. एवढे सारे शब्द घरात रोज बोलले जातात आणि आमच्या छापील मराठीत ते फारसे दिसत नाहीत. भाषेच्या दृष्टीनेही हे नुकसान आहे, असे मला वाटते.

वास्तविक दख्खनच्या मुस्लिम साहित्याला हाताच्या कामाचे वावडे कधीच नव्हते. विजापूरच्या सूफी परंपरेत सतराव्या शतकापासून ‘चक्कीनामा’ आणि ‘चरखानामा’ नावाच्या दख्खनी रचना झाल्या. रिचर्ड ईटन या अभ्यासकाने १९७०च्या दशकात त्यांचा सविस्तर अभ्यास केला. बाया जात्यावर दळताना, चरख्यावर सूत काढताना या रचना म्हणत असत. जात्याचा खुंटा म्हणजे अलिफ, असे त्यात समजावलेले असते. जाते फिरत राहते आणि त्याच्या लयीत नामस्मरण चालते. दळणारीला तसव्वुफचा अवघड विचार तिच्या रोजच्या वस्तूंतून सांगण्याची ही रीत होती. याच जात्यावर शेजारच्या घरात मराठी ओवी चालली होती. जाते तेच, लयही जवळपास तीच. मुस्लिम मराठी साहित्याची मुळे शोधणाऱ्यांनी शेख महंमदांच्या ‘योगसंग्रामा’पर्यंत जावे हे योग्यच आहे, पण त्या वाटेवर हे जातेही लागते, ते ओलांडून जाऊ नये.

मात्र या रचनांची मर्यादाही सांगितली पाहिजे. त्यात जाते हे जाते राहत नाही, रूपक होते. पीठ कोणाचे, किती पायल्या, दळणारीचा खांदा दुखतो की नाही, हे विचारायला तिथे कोणी नाही. बाईचे काम आले, बाई आली नाही.

एकोणिसाव्या शतकात उर्दू कादंबरी आली तेव्हा चित्र बदलले. डेप्युटी नजीर अहमद यांची ‘मिरातुल उरूस’ १८६९ साली प्रसिद्ध झाली. तिला त्या वेळच्या सरकारने एक हजार रुपयांचे बक्षीस दिले. अकबरी आणि असगरी या दोन बहिणींची ती गोष्ट. अकबरी फूहड, असगरी सुघड. असगरी घराचा हिशेब ठेवते, घर सावरते, मोहल्ल्यातल्या मुलींना शिकवते. आमच्या घराघरांत ही कादंबरी मुलींना वाचायला दिली गेली आणि आजही ‘असगरीसारखी हो’ असे म्हणणाऱ्या नान्या-दाद्या आहेत. नजीर अहमदांचे ऋण मोठे आहे. घरातल्या बारीकसारीक गोष्टी कादंबरीत येण्याच्या लायकीच्या आहेत, हे त्यांनी उर्दू वाचकाला पटवले. पण त्यांच्याकडे हाताचे काम ही मुलीची परीक्षा झाली. टाका सरळ पडला तर मुलगी चांगली, वाकडा पडला तर वाईट. मला अनेकदा वाटते की, अकबरीलाही काहीतरी करायला आवडत असेल. ते काय, हे विचारण्याची गरज कादंबरीकाराला वाटली नाही.

ही परीक्षा किती क्रूर होऊ शकते ते इस्मत चुगताईंनी ‘चौथी का जोडा’ या कथेत दाखवले. कुब्राची आई कापड बेतण्यात मोहल्ल्यात नावाजलेली. कापड कमी पडले, कान बसेना, की लोक तिच्याकडे धाव घेतात. तिच्या हाताला सारे कापड पुरते, फक्त स्वतःच्या मुलीचे लग्न जुळत नाही. घरी येऊन राहिलेल्या राहतसाठी दागिने मोडून पराठे-कोफ्ते होतात. धाकटी हमीदा त्याच्या वासनेला बळी पडते. राहत निघून जातो आणि कुब्रा क्षयाने मरते. शेवटी तीच आई त्याच चौकात कापड पसरते, ते कफनाचे. या कथेची चर्चा हुंड्याच्या आणि गरिबीच्या अंगाने पुष्कळ झाली. पण तिचे बळ कशात आहे? ते इस्मत आपांना बेतणे, कातरणे, कान काढणे हे सारे नीट माहीत होते, यात आहे. कात्री कशी धरतात हे ज्या लेखकाला ठाऊक नाही त्याला ही कथा लिहिता आली नसती. प्रश्न तिथे आहेच, पण तो हाताच्या कामातून वर येतो, वरून चिकटवलेला नाही.

प्रेमचंदांच्या ‘ईदगाह’चे उदाहरण मी वर्गात नेहमी देते. आमच्या शाळांतल्या मुलांना ही कथा तोंडपाठ असते. हमीदचे तीन पैसे, मित्रांची मातीची खेळणी, भिश्ती, शिपाई, वकील, आणि हमीदने दादीसाठी घेतलेला चिमटा. मी विचारते, अमीनाकडे ईदसाठी पैसे कुठून आले होते? सहसा कोणालाच आठवत नाही. तिने दुसऱ्या बाईचे कपडे शिवून दिले होते, त्याचे आठ आणे मिळाले होते. ईदसाठी जपून ठेवलेली ती अधेली दूधवालीच्या हिशेबात गेली, दोन आणे उरले. त्यातले तीन पैसे हमीदच्या खिशात, पाच अमीनाच्या बटव्यात. म्हणजे हमीदचा चिमटा दादीच्या सुईतून आला आहे. आम्हाला चिमटा आठवतो, सुई आठवत नाही. आमच्या वाचनाचा हा दोष आमच्या लेखनातही उतरला आहे.

मराठीकडे वळल्यावर बहिणाबाई चौधरींची आठवण अपरिहार्य आहे. त्यांची गाणी १९५२ साली पुस्तकरूपाने आली आणि जाते, चूल, मळा आणि सुगरणीचा खोपा यांतून तत्त्वचिंतन होऊ शकते हे सुशिक्षित मराठी वाचकाने मान्य केले. मुस्लिम घरातली बहिणाबाई आम्हाला सापडली नाही. ती नव्हतीच असे मी म्हणणार नाही. कोणी वही घेऊन तिच्याजवळ बसले नाही, असे म्हणेन.

हमीद दलवाईंच्या ‘इंधन’ (१९६५) या कादंबरीचा निवेदक कोकणातल्या आपल्या गावी परततो. गाव आणि घर आपल्याला दिसते ते त्यातल्या तणावांमधून. कादंबरीचा तो विषयच आहे आणि तिची थोरवीही त्यातच आहे. मलिका अमर शेख यांचे ‘मला उद्ध्वस्त व्हायचंय’ (१९८४) हे आत्मकथन मोडत्या संसाराची निर्भय नोंद आहे. मेहरुन्निसा दलवाईंचे ‘मी भरून पावले आहे’ (१९९५) मात्र अजूनही नीट वाचले गेलेले नाही, असे माझे मत आहे. वाचक त्यात हमीदभाईंना शोधतो. वास्तविक एका मोठ्या माणसाला समाजकार्यासाठी मोकळे ठेवणारे घर कोण चालवत होते, हा त्या पुस्तकाचा अर्धा विषय आहे. चळवळीच्या इतिहासात त्या अर्ध्या भागाला जागा नाही. साहित्याने तरी ती द्यावी.

आता बाहुलीविषयी. विदर्भात भाद्रपद ते कोजागिरी शेजारच्या अंगणात मातीची भुलाबाई बसते, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळ्याला पोरे लाकडी बैल घेऊन निघतात. आमच्या मुली हे पाहत वाढतात. आणि घरात आमची चिंध्यांची गुडिया असते. जुन्या दुपट्ट्याचे अंग, आत कापूस, काळ्या दोऱ्याची वेणी. काही घरांत तिला नाक-डोळे काढतात, काही घरांत चेहरा कोराच ठेवतात. तस्वीर नको म्हणून. या कोऱ्या चेहऱ्यावर आमच्याकडे एकही गाजलेली कथा नाही, याचे मला नवल वाटते. श्रद्धा, बालपण, आईची भीती आणि आईची माया, सारे त्या विताएवढ्या कापडात आहे. एरवी हदीसमध्ये हजरत आयेशा (रजि.) यांच्या बाहुल्यांचा उल्लेख येतो. त्यांच्या खेळण्यांतल्या पंखवाल्या घोड्याविषयी पैगंबरांनी (स.) विचारले. सुलेमान (अ.) यांच्या घोड्यांना पंख होते ना, असे उत्तर मिळाल्यावर ते मनमोकळे हसले. हा प्रसंग बयानांत क्वचित ऐकू येतो. फतवा सर्वांना ठाऊक आहे, हसू मात्र कमी जणांना.

२००३ साली अरब बाजारात हिजाब घातलेली ‘फुल्ला’ नावाची बाहुली आली. बार्बीला मुस्लिम उत्तर म्हणून तिचे कौतुक झाले. पण बार्बी काय आणि फुल्ला काय, दोन्ही कारखान्यातून येतात. आजीच्या मांडीवर बसून कापूस भरताना नातीला जे मिळते ते डब्यात बंद होऊन येत नाही.

शेवटी परसबागेकडे येते, कारण हा सारा विचार मला तिथूनच सुचला. पवनी तालुक्यात वैनगंगेवर गोसीखुर्द धरण आहे. १९८८ साली राजीव गांधींच्या हस्ते त्याचे भूमिपूजन झाले, २००९ साली तो राष्ट्रीय प्रकल्प ठरला. तेहतीस दरवाजांचे हे धरण विदर्भाच्या शेतीसाठी बांधले गेले आणि त्यासाठी अनेक गावांना उठावे लागले. मी वर्गात ‘मेरा घर’ या विषयावर निबंध लिहायला देते. तीस वह्यांत एकच घर असते : चार खोल्या, पुढे बाग, बागेत गुलाब. गाइडमधले घर. एकदा मी सांगितले, घराविषयी नको, घरात हाताने केलेल्या एखाद्या गोष्टीविषयी लिहा. एका मुलीने लिहिले की, गाव सोडताना दादीने तेलाच्या डब्यात मेंदीची फांदी आणली. नव्या प्लॉटवर ती वाळली. दादीने पुन्हा जुन्या गावी जाऊन दुसरी आणली, ती लागली. ईदला साऱ्या गल्लीच्या हातांवर तीच मेंदी असते. एवढाच निबंध. व्याकरणाच्या चार चुका होत्या, त्या मी दुरुस्त केल्या नाहीत.

संपादनाच्या कागदांत घराचे माप असते, विहीर असते, आंबा आणि चिंच असते. मेंदीच्या फांदीचा रकाना नसतो. त्याबद्दल कागदाला दोष देता येणार नाही, ते कागदाचे काम नाही. ते साहित्याचे काम आहे. ज्याने रोप लावले त्याला त्यातून पाखराने खाल्लेल्या दाण्याचेही सवाब मिळते, असे आम्ही मुलांना शिकवतो. मग त्या रोपाची नोंद आमच्या कथेत का नसावी?

यावर एक आक्षेप येईल. असे लिहिण्याने घराचे गोडवे गायले जातील, बाईला पुन्हा सुई-दोऱ्यात बसवले जाईल. आक्षेप योग्य आहे. भंडारा-गोंदिया हा बिडीचा मुलूख. इथे बाईचा हात दुपारी सूप मांडीवर घेऊन तेंदूच्या पानावरही चालतो, हजारावर मजुरी मिळते, आणि खोकला फुकट मिळतो. त्या हाताला हस्तकला म्हणून नटवणे हा अपराध होईल. म्हणूनच मी गोडवे मागत नाही, नोंद मागते. वस्तू कोणी केली, कशापासून केली, कोणासाठी केली आणि तिचे मोल कोणाला मिळाले, या चार गोष्टी कथेत आल्या की बाई आपोआप माणूस म्हणून उभी राहते. बिडी, गोधडी आणि गुडिया या तिन्ही एकाच हाताच्या आहेत. पहिली पोटासाठी, दुसरी थंडीसाठी आणि तिसरी कशासाठीच नाही, नुसत्या आनंदासाठी. आमच्या साहित्याने पहिलीवर थोडे लिहिले, दुसरीवर जवळपास नाही आणि तिसरी तर त्याला दिसलीच नाही. ज्या समाजाचा आनंद त्याच्या साहित्यात येत नाही, त्याचे दुःखही वाचकाला अर्धेच कळते.

नव्या लिहिणाऱ्या मुलींना, विशेषतः उर्दूत शिकून मराठीत लिहू पाहणाऱ्या मुलींना, माझे एवढेच सांगणे आहे. प्रश्नांवर जरूर लिहा. पण लिहायला बसण्यापूर्वी एक दुपार आपल्या नानीजवळ काढा आणि तिच्या हातात काय आहे ते पाहा. त्याला घरात जे नाव आहे तेच नाव मराठीत लिहा.